त्यांची बहीण सेरह

नाशिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विलास,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर म्हणालास ना, वंशावळी आल्या की मी सरळ पानं उलटतो. मीही तेच करायचो. पण या वेळी बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 46व्या अध्यायात अडकलोय. इस्राएलांचा पूर्वज याकोब, त्याचं घराणं मिसरात, म्हणजे इजिप्तात उतरतं, त्या 70 जणांची यादी आहे बघ. याकोबाचा मुलगा आशेर, त्याचे चार मुलगे, आणि मग, ‘त्यांची बहीण सेरह’. एवढंच. याकोबाच्या नातवंडांत नाव लिहिलेली नात ही एकटीच.

आता बायबलमधलंच गणना हे पुस्तक, अध्याय 26 काढ. मधे गुलामी येऊन गेली, मिसरातून निघालेली पिढीसुद्धा रानात संपली. मवाबाच्या मैदानात लढाईजोगे पुरुष मोजताहेत, आशेराचे 53,400. आणि त्या शिरगणतीत पुन्हा हीच, आशेराची मुलगी सेरह! लढाईच्या यादीत बाईचं नाव कशाला?

यहुदी रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, म्हणाले, ती तोवर जिवंत होती म्हणून. शास्त्रात तिच्या तोंडी एक शब्द नाही, पण त्यांनी तिला सगळ्यांच्या आठवणी सांभाळायला दिल्या. मेला असं समजलेला मुलगा योसेफ जिवंत आहे हे म्हाताऱ्या याकोबाला एकदम सांगितलं तर धक्का बसेल, म्हणून तिनं वीणा घेऊन ते हळूच गाण्यातून सांगितलं, अशी एक कथा आहे. यहुद्यांच्या तालमूद या धर्मग्रंथातली मला जास्त भिडली. मिसरातून निघायच्या वेळी सगळे सोन्या-रुप्याच्या मागे आणि त्यांचा पुढारी मोशे योसेफाच्या अस्थी शोधतोय. योसेफानं शपथ दिलेली होती ना, इथून निघाल तेव्हा मला घेऊन जा. पण पुरलंय कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही. तो सेरहकडे जातो. ती सांगते, मिसऱ्यांनी धातूची पेटी करून नाईल नदीत सोडली.

आणि पुढे कित्येक शतकांनी रब्बी योहानान शिकवत बसलेले, मिसरातून निघताना समुद्र दुभंगला तेव्हा पाण्याच्या भिंती जाळीसारख्या दिसत होत्या. तेवढ्यात सेरह आत डोकावते. ‘मी होते तिथं. उजळलेल्या खिडक्यांसारख्या दिसत होत्या.’ विलास, हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. इराणात इस्फहानजवळ पीर बकरानला तिच्या नावाचं ठिकाण आहे, तिथले यहुदी पिढ्यानपिढ्या यात्रेला जात आले.

मला सारखी आत्या आठवतेय. गेल्या नाताळात गावच्या कबरस्तानात गेलो होतो. अर्ध्या कबरींवर दगडच नाही, नुसतं गवत. आत्या काठी टेकत पुढे झाली आणि टोकानं दाखवत गेली: हा तुझा पणजा, ही प्लेगात गेलेली दोन लेकरं, इथं माझी आई. एका ठिकाणी वाकून तिनं गवत उपटलं, तर खाली चुन्याची कड निघाली. आमच्यात हे ठाऊक असलेली ती शेवटची. आणि आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर आजोबांनी मुलांची नावं लिहिली आहेत, त्यात तिचं नाव नाही. काल मी ते लिहिलं. तिच्या भावांच्या खाली, शाईनं.

पाऊस सुरू व्हायच्या आत ये. तुझं चित्रकलेचं अंग आहे, कबरस्तानाचा नकाशा काढून दे. आत्या बोलेल, तू काढ, नावं मी लिहीन.

तुझाच,
सुधाकर