उलट मार्गावरून आलेली मेमू

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका सायंकाळी भरूचकडून बडोद्याला परतताना आमच्या मेमू (कमी अंतराच्या विजेवरच्या प्रवासी) गाडीने मधल्या एका स्थानकावर सांधा बदलला आणि ती नेहमीचे डावीकडचे रूळ सोडून उजवीकडच्या, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या, रुळांवरून धावू लागली. रोज अपडाऊन करणाऱ्या मंडळींच्या हे तत्काळ लक्षात आले. कोणी खिडकीतून चित्रण सुरू केले, कोणी घरी फोन लावला. पुढच्या स्थानकाच्या अलीकडे गाडी बराच वेळ उभी राहिली तेव्हा तर समोरून राजधानी येत असल्याची वार्ता डबाभर पसरली. दुसऱ्या दिवशी हेच चित्रण ‘मोठा अपघात टळला’ अशा मथळ्यासह माझ्याच मोबाइलवर येऊन पोहोचले. रेल्वेच्या परिचालन विभागात नोकरीची उमेदीची वर्षे घालवलेली असल्यामुळे या मथळ्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. मात्र त्याबरोबर एक तक्रारही आहे.

दुहेरी मार्गापैकी एका मार्गावर रूळ तडकला, इंजिन बंद पडले किंवा दुरुस्तीसाठी ब्लॉक घेतला, तर उरलेल्या एकाच मार्गावरून दोन्ही दिशांच्या गाड्या आळीपाळीने सोडण्याची पद्धत रेल्वेच्या नियमावलीत पूर्वीपासून आहे. ती अपघाताने घडत नाही. दोन्ही बाजूंचे स्टेशनमास्तर मधला भाग मोकळा असल्याची खात्री करून एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खातरजमेचा गुप्त अंक, देतात, लागतील ते सांधे पक्के करून कुलूपबंद केले जातात आणि लोको पायलटच्या, म्हणजे इंजिनचालकाच्या, हाती ‘टी/डी ६०२’ हा लेखी परवाना पडल्याशिवाय गाडी हलत नाही. पहिल्या गाडीला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते. ती सुखरूप पोहोचल्यावर मागच्या गाड्यांना नेहमीचा वेग मिळतो. ज्या थांब्याने सर्वांचा जीव टांगणीला लागला होता, त्याचेही कारण साधे आहे. उलट दिशेने येणाऱ्या गाडीसाठी त्या रुळांवर स्थानकात शिरण्याचा सिग्नलच नसतो, त्यामुळे तिला बाहेर उभे करून, स्थानकातून माणूस पाठवून, त्याच्यामार्फत आत आणावे लागते. अंधारात हिरवा दिवा घेऊन रुळांकडेने चालत येणारा तो कर्मचारी ज्यांना दिसला असेल, त्यांनी पुढच्या खेपेस निश्चिंत राहावे.

(लाल सिग्नल ‘तोडल्या’च्या ज्या तक्रारी अधूनमधून कानी येतात, त्यांतल्या काहींची गतही अशीच असते. स्वयंचलित सिग्नलच्या खांबावर ‘ए’ हे अक्षर असेल, तर लाल दिव्यापाशी दिवसा एक आणि रात्री दोन मिनिटे थांबून, पुढे अडथळा आहे असे गृहीत धरून सावकाश जाण्यास नियमानेच मुभा आहे.)

आता तक्रारीविषयी. एका मार्गावरून दोन्हीकडच्या गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीच्या लोको पायलटने वाटेतल्या प्रत्येक फाटकवाल्याला आणि गँगमनला, गाड्या आता कोणत्या रुळांवरून येणार आहेत हे सांगत जावे, असे हीच नियमावली बजावते. नियम करणाऱ्याला रुळांवर काम करणाऱ्या माणसाची सवय ठाऊक होती: तो एका रुळाकडे पाठ करून दुसऱ्याकडे लक्ष ठेवतो. परंतु तीच सवय रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनाही असते. पूल दूर पडतो म्हणून रूळ ओलांडणारा माणूस अलीकडच्या मार्गाशी एका बाजूला बघतो, पलीकडच्या मार्गाशी दुसऱ्या, आणि चालू लागतो. रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे, हे मान्यच आहे. पण त्या गुन्ह्याला देहदंडाची शिक्षा सांगितलेली नाही. गाडी कोणत्या बाजूने येणार हे फाटकवाल्याला कळते आणि त्याच फाटकाशी उभ्या असलेल्या सायकलस्वाराला कळत नाही, हे अनाकलनीय आहे. डब्यातल्या प्रवाशाला तर कोणीच काही सांगत नाही, आणि मग सांगण्याचे काम समाजमाध्यमे करतात.

मुंबईत रविवारच्या ब्लॉकमध्ये जलद लोकल धीम्या मार्गावर वळवली जाते, तेव्हा ती कोठे थांबेल आणि कोठे नाही, याची उद्घोषणा होते व वेळापत्रक आदल्या दिवशीच वर्तमानपत्रात येते. तेथे लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या शक्य तेथे वेगळ्या करण्याचे कामही चालू आहे. ठाणे ते दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली ती त्यासाठीच. आमच्याकडे मालगाड्यांचा भार हलका करणाऱ्या समर्पित मालवाहतूक मार्गाचा न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा २४४ किलोमीटरचा टप्पा मार्च २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. तरीही वंदे भारत, राजधानी आणि दर स्थानकावर थांबणारी मेमू यांना बडोद्याच्या दोन्ही अंगांना तेच रूळ वाटून घ्यावे लागतात, आणि नेहमीपेक्षा निराळी हालचाल हा त्या वाटणीचा अटळ भाग आहे. अहमदाबादहून गोध्र्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बडोदे स्थानकात दिशा बदलावी लागे. आता त्यांतल्या अनेक गाड्या शहराच्या कडेच्या छायापुरी स्थानकामार्गे परस्पर जातात, आणि तिकिटावरचे स्थानकाचे नाव नीट न वाचता सयाजीगंजात, म्हणजे बडोदे स्थानकाशी, येऊन उभे राहणारे पाहुणे आमच्या घरांतही आहेत.

१८६२ साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या राज्यात डभोई ते मियागाम गाडी बैल ओढत असत. दिशा बदलायची तर बैल सोडून दुसऱ्या टोकाला जुंपले की झाले, आणि ते प्रत्येक प्रवाशाला दिसतही असे. आज तो बदल सेक्शन कंट्रोलरच्या, म्हणजे त्या टप्प्यातल्या गाड्यांचे नियंत्रण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, आलेखावर होतो आणि नोंदीच्या त्या क्षणी आवश्यक ती सर्व माहिती तेथे उपलब्ध असते. तीच दोन वाक्यांत आधीच्या व पुढच्या स्थानकावर गुजराती, हिंदी आणि शक्य असल्यास मराठीतून सांगावी, मेमूच्या गार्डने डब्यात उद्घोषणा करावी, आणि फाटकावर ‘आज एकाच मार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या येतील’ अशी पाटी अडकवावी. पाटी एकदाच रंगवायची आहे; ती फाटकवाल्याच्या खोलीत ठेवता येईल आणि त्याला जेव्हा लोको पायलटचा निरोप मिळेल, तेव्हाच बाहेर काढता येईल.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदे