ख्रिस्तीबाई नुसत्या कोडी घालत नव्हत्या

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील रहस्यकथांवरच्या लेखात अगाथा ख्रिस्ती यांना ‘कोडी घालणारी लेखिका’ म्हणून निकालात काढलेले वाचले. म्हापशात फार्मसी चालवण्यात माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून एकेक आणून त्यांच्या कादंबऱ्या मी प्रकाशनाच्या क्रमाने वाचल्या. मला हे मत मुळीच मान्य नाही.

पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या इस्पितळात औषधे तयार करून देत. १९२० साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मध्ये, ते ज्ञान दिसते. औषधातले विष त्यांनी इतके अचूक हाताळले की ‘फार्मास्युटिकल जर्नल’नेही दाद दिली. ‘बाटली हलवून घ्या’ असे गिऱ्हाइकांना जन्मभर बजावणारा मी, ती पाने श्वास रोखून वाचली.

पण खऱ्या ख्रिस्तीबाई भेटतात ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये (१९४२). सोळा वर्षांपूर्वी एका चित्रकारावर विषप्रयोग झाला. त्याची बायको कॅरोलाइन दोषी ठरली, तुरुंगातच वारली. आता मुलगी ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो याच्याकडे आली आहे. तपासायला आहेत फक्त पाच जणांच्या आठवणी. तीच हकिकत पाचही जण आपापल्या परीने लिहून देतात आणि दर वेळी लिहिणाराच अधिक उघडा पडतो. खुनी कोण हे ठाऊक असूनही मी ती पुन्हा वाचली, केवळ कॅरोलाइनसाठी. सुटलेल्या कोड्याकडे असे कोणी परत जाते का?

निराशाही पदरी आली. ‘द बिग फोर’ (१९२७) सुट्या कथा जोडून केलेली, सांधे लपत नाहीत. ‘पॅसेंजर टू फ्रँकफर्ट’ (१९७०) कशीबशी संपवली. ‘पोस्टर्न ऑफ फेट’ (१९७३) वाचताना तर जीव तुटला. टॉमी आणि टपेन्स हे हेर नवरा-बायको तेच तेच बोलत राहतात, गुन्ह्याचा धागाच हरवतो. लेखिकेने ऐंशी ओलांडली होती, ही कादंबरी छापायला नको होती. १९७५ची ‘कर्टन’ मात्र धारदार आहे, कारण ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलेली होती.

म्हणून एक विनंती. पुरवणीत पुस्तकांची शिफारस करताना प्रकाशनाचे वर्षही छापावे. नवा वाचक हाती येईल ते उचलतो, आणि पहिलीच ‘पोस्टर्न ऑफ फेट’ निघाली तर तो ख्रिस्तीबाईंच्या वाटेला पुन्हा जात नाही.

– एक निवृत्त फार्मासिस्ट, म्हापसा