वसईच्या त्या मंडळींचे आभार

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली होती. लोकल बंद, वीज गेलेली, आणि नेमका बाबांच्या डायलिसिसचा वार. रिक्षावाले येईनात. मागच्या गल्लीतल्या चर्चची चार-पाच पोरं आली. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून हमरस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत उचलून नेलं. आम्ही त्यांच्या ओळखीचे नाही, धर्माचेही नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही.

परतताना घरापर्यंत वाट नव्हती. त्या पोरांपैकी एकाच्या आजीने रात्री आम्हाला ठेवून घेतलं. बाबांना आपल्या दिवंगत नवऱ्याचा कोरडा सदरा दिला. बाबांना पाणी मोजूनच प्यायचं असतं हे कळल्यावर घरातली सगळ्यात लहान वाटी शोधून काढली. तांदळाचा डबा तळाला गेलेला मला दिसला. म्हटलं, "आजी, उद्याचं काय?"

"देव बघील गो बाय, तू जेव." मग रोजरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना म्हणून त्या गाढ झोपल्या. मला काही ते जमलं नाही.

टेम्पोवाल्या दादांनी डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. "चर्चच्या पेटीत टाका" म्हणाले. नाताळात टाकले. आजी, दादा आणि रेनकोटातली ती सगळी पोरं, तुमचे मनापासून आभार. बाबांनीही नमस्कार सांगितलाय.