आमची इमारत आधी : चाळीच्या पुनर्विकासातील करारभंगाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
चाळ पुनर्विकास प्रकल्पाची विकासक कंपनी,
धुळे.

विषय : सभासदांची इमारत जोत्यावर सोडून विक्रीच्या इमारतीचे काम पुढे नेणे, थकीत घरभाडे आणि वाढीव क्षेत्रापोटी घेतलेली रक्कम याबाबत.

महोदय,

गिरणी कामगारांच्या बैठ्या चाळीच्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सभासद आहे. हक्काच्या क्षेत्राव्यतिरिक्त ८० चौरस फूट वाढीव क्षेत्र मी आपल्या कंपनीकडून विकत घेतले असल्यामुळे आपला ग्राहकही आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. कार्यालयात विचारले तर साहेब साइटवर असतात आणि साइटवर गेले तर साहेब कार्यालयात असतात, असा अनुभव असल्यामुळे आता जे काही असेल ते लेखीच व्हावे, अशी इच्छा आहे.

माझी मुख्य तक्रार कामाच्या क्रमाविषयी आहे. सभासदांची इमारत पूर्ण होऊन तिचे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळेपर्यंत विक्रीच्या इमारतीचे काम दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपुढे नेले जाणार नाही, असे नोंदणीकृत विकसन करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हे कलम आम्ही हट्टाने घालून घेतले, कारण घर एकदा पाडून दिल्यावर आमच्या हातात कागदाखेरीज काहीच उरणार नव्हते. आज प्रत्यक्षात रस्त्याकडेच्या विक्रीच्या इमारतीचे पाच मजले उभे आहेत, तळमजल्याच्या गाळ्यांना शटर बसले आहेत आणि एका गाळ्यावर ‘लवकरच उद्घाटन’ असा फलकही लागला आहे. मागच्या बाजूची आमची इमारत मात्र जोत्यावरच आहे. कॉलमच्या उघड्या सळया गंजून लाल झाल्या आहेत, पावसाळ्याचे पाणी जोत्यात साचून आटले आणि आता तिथे वेडी बाभूळ पुरुषभर वाढली आहे. या गंजलेल्या सळयांवरच पुढचे काम चढवणार की त्या तपासून घेणार, याचेही उत्तर मला लेखी हवे आहे. बांधकामातील संरचनात्मक दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर असते, ही गोष्ट जोत्याच्या टप्प्यावरच लक्षात घेतलेली बरी.

आपल्या प्रतिनिधींनी संस्थेच्या सभेत मुंबईच्या बीडीडी चाळींचा दाखला दिला होता, तो मला चांगला आठवतो. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात कामगार कुटुंबे जाणार आहेत, मग धुळ्याने मागे का राहावे, असा त्यांचा सवाल होता आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. तो प्रकल्प म्हाडाचा असून त्याला झालेल्या विलंबाची चर्चाही आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु तेथे पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि लोक त्यांत राहायला गेले, हे तर नाकारता येणार नाही. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरी बाब घरभाड्याची. पर्यायी निवासासाठी दरमहा ९,००० रुपये आणि दर अकरा महिन्यांनी त्यात दहा टक्के वाढ, असे ठरले होते. आपले लागोपाठ दोन चेक न वटता परत आले आणि श्रावणापासून तर चेक येणेच बंद झाले. चाळीतील बहुतेक घरांत गिरणीतून बाहेर पडलेल्या कामगारांची दुसरी पिढी राहते. कोणी हमाली करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणाच्या घरी फक्त आईचे निवृत्तिवेतन येते. गिरणी बंद झाली तेव्हा हिशेबाच्या पैशांसाठी आमच्या वडिलांच्या पिढीने किती वर्षे चकरा मारल्या, ते आम्ही पाहिलेले आहे. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ या वाक्याला चाळीत फारशी किंमत राहिलेली नाही. सध्या आम्ही ज्या पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो, तिथे वैशाखात दुपारी भिंतीला हात लावता येत नाही आणि घरमालकाला भाडे पाच तारखेच्या आत लागते.

पाडकामाच्या वेळी जे घडले ते सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या अहवालात ‘पाडकाम सुरळीत पूर्ण’ एवढेच लिहिले आहे. करारानुसार प्रत्येक सभासदाला आपल्या घराच्या चौकटी, दारे, सागवानी तुळया आणि कौले काढून नेण्यासाठी लेखी तारीख द्यायची होती आणि उरलेल्या सामानाची किंमत संस्थेच्या खात्यात जमा करायची होती. आमच्या ओळीला दिलेल्या तारखेच्या आदल्याच सकाळी जेसीबी आला. लागून लागून भिंती असलेल्या घरांत एका टोकाचे घर ओढले की शेजारच्या भिंतीलाही हादरा बसतो, हे चालकाला सांगूनही त्याने काम थांबवले नाही. दोन घरांमधली सामाईक भिंत कोसळली तेव्हा पलीकडच्या घरात देवघरातले देव अजून हलवलेले नव्हते. माझ्या वडिलांनी गिरणीच्या बोनसमधून बसवलेली सागवानी चौकट उभी चिरली गेली. तुळया आणि मंगलोरी कौले ठेकेदाराने ट्रॅक्टरमध्ये भरून नेली. ती भंगारात गेली की दुसऱ्या कोणाच्या बंगल्यावर चढली, हे कंपनीलाच ठाऊक. संस्थेच्या खात्यात त्यापोटी आजवर एक रुपयाही आलेला नाही.

आता वाढीव क्षेत्राविषयी. हक्काचे ४२० आणि विकत घेतलेले ८० असे एकूण ५०० चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र, मला मिळायचे आहे. वाढीव क्षेत्राची किंमत २,८८,००० रुपये ठरली आणि त्यापैकी २,००,००० रुपये आपण घेतले. मात्र त्या खरेदीचा करारनामा अद्याप नोंदवला नाही, माझ्याकडे फक्त पावत्या आहेत. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे आपल्या विधी विभागाला मी सांगावे असे नाही. शिवाय नवीन नकाशात माझ्या सदनिकेचे क्षेत्र ५०० दाखवले असले, तरी त्यात ४६ चौरस फुटांची बाल्कनी धरलेली आहे. याच कायद्यातील व्याख्येप्रमाणे बाल्कनी चटई क्षेत्रात मोजली जात नाही. म्हणजे मी ८० फुटांचे पैसे मोजले आणि माझ्या पदरात ३४ पडणार.

त्याच नकाशात मधले मोकळे मैदानही नाहीसे झाले असून त्या जागी विक्रीच्या इमारतीचे वाहनतळ आले आहे. मंजूर आराखड्यात हे मैदान होते आणि तेथील कडुनिंब राखण्याचे आपण कबूल केले होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी त्याच झाडाला झोके बांधत आणि कानबाई देवीची मिरवणूक तिथूनच निघत असे. आपल्या रंगीत माहितीपत्रकात जलतरण तलावाचे चित्र आहे. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे तो कशाने भरणार, हा प्रश्न मी विक्रीच्या ग्राहकांवर सोडतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात असा बदल करण्यासाठी दोन तृतीयांश सदनिकाधारकांची पूर्वलेखी संमती लागते. मी अशा कोणत्याही संमतीवर सही केलेली नाही आणि माझ्या ओळीतील कोणीही केलेली नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत थकीत घरभाडे एकरकमी द्यावे, सभासदांच्या इमारतीचे काम सुरू करून ते पूर्ण होईपर्यंत विक्रीच्या इमारतीचे काम थांबवावे, वाढीव क्षेत्राचा करारनामा बाल्कनी वगळून ५०० चौरस फुटांचा नोंदवावा आणि मैदान मूळ आराखड्याप्रमाणे ठेवावे. पाडकामातील सामानाचा हिशेब संस्थेला द्यावा. वाढीव क्षेत्र द्यायचे नसेल तर माझे २,००,००० रुपये राज्याच्या नियमांत सांगितलेल्या दराने, म्हणजे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (कर्जासाठी बँकेने ठरवलेला आधारभूत व्याजदर) दरात दोन टक्के मिळवून येणाऱ्या व्याजासह परत करावेत. मात्र हक्काच्या ४२० चौरस फुटांना त्यामुळे कोणतीही बाधा येणार नाही, हे येथेच स्पष्ट करतो.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मी महारेराकडे, म्हणजे याच स्थावर संपदा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार दाखल करीन आणि घरभाड्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. संस्थेच्या पुढील सर्वसाधारण सभेत करार रद्द करण्याचा विषय घेण्याची मागणी काही सभासदांनी केलेली आहे. माझे मत आजपर्यंत त्याविरुद्ध होते.

या पत्राची प्रत संस्थेचे अध्यक्ष आणि उपनिबंधक, सहकारी संस्था यांना दिली आहे. पावत्या, परत आलेले दोन्ही चेक आणि जोत्याची छायाचित्रे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत आणि ते दाखवण्यासाठी मी कार्यालयात येईन, मात्र येण्याची वेळ आपण लेखी कळवावी.

आपला,
(स्वाक्षरी)
सभासद व वाढीव क्षेत्राचा ग्राहक,
तिसरी ओळ, गिरणी कामगार चाळ, धुळे