गेराहून पत्र

गेरा, ८ सप्टेंबर २०२४

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

काल गणपती बसवला. पिठीची उकड नीट जमली नाही, मोदक फुटले, तरी वरच्या मजल्यावरचा पोरगा पाच खाऊन गेला. माझ्या सायकलची चेन बसवून देणारा, तोच.

बाबा, निकालाची बातमी वाचून तुम्ही म्हणालात, "परत ये." म्हणून लिहितेय. इथे थुरिंगिया राज्यात १ तारखेला एएफडी या पक्षाला ३२.८ टक्के मतं पडली, पहिला नंबर. महायुद्धानंतर जर्मनीतल्या राज्याच्या निवडणुकीत अतिउजव्या पक्षाला हे पहिल्यांदाच जमलं. तुमच्या वयाचे लोक त्यामानाने त्यांच्यापासून लांब राहिले. पंचविशीच्या आतल्या दर तिघांत एकाहून जास्त जणांनी मात्र त्यांनाच मत दिलं. हा एकोणीस वर्षांचा पोरगाही त्यातलाच.

मी विचारलं, का रे? म्हणाला, आमचं कोणी ऐकतच नाही. त्याची आजी कापडगिरणीत होती. १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि इथली, पूर्वेकडची, गिरणी बंद पडली. आई, आपल्या सोलापुरात गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर घराघरांत काय झालं ते तुला सांगायला नको. काका-आत्या पोटासाठी पश्चिमेकडे गेले. सव्वा लाखाच्या वरचं गाव लाखाच्या आत आलं. हे बरंचसं त्याच्या जन्माआधीचं, पण तो वाढला त्याच घरात. आणि टिकटॉकवर त्याच्याशी आधी बोलायला आला तो हाच पक्ष, बाकीचे उशिरा जागे झाले.

त्याचा राग मला कळतो. तो राग बाहेरून आलेल्यांवर काढायचा, हे मला मुळीच पटत नाही, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलं. "मीही बाहेरचीच ना?"

"तू वेगळी. तू काम करतेस. वॉर्डात आजीचं सगळं तूच केलंस."

"आणि शाळेत तुझ्या शेजारी बसायचा तो सीरियाचा मुलगा?"

तो गप्प झाला. मोदक हातातच राहिला, तूप मनगटापर्यंत ओघळलं.

भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. रात्रपाळीहून येताना ट्राममध्ये ड्रायव्हरच्या जवळ बसते. पण परत येणार नाही.

बाबा, १९७७ ला तुमचं पहिलं मत आजोबांच्या काँग्रेसविरुद्ध गेलं, तेव्हा ते दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुमचं कारण वेगळं होतं, आणीबाणी होती. पण तिसऱ्या दिवशी आजोबांनी बोलायला सुरुवात कशी केली? येत्या रविवारी पोरगा पोह्यांना येणार आहे. त्याआधी फोनवर सांगा.

तुमची,
मनू