खोडरबर खिशात टाकणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. नमस्कार.

परवा संध्याकाळी निकाल लागला. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पेपर तिसऱ्या खेपेला सुटला, शंभरात एकाहत्तर. मोबाइलवर आकडा दिसला तेव्हा मी सूरसागर तलावाच्या कठड्यापाशी उभी होते, आणि आईला फोन लावायच्या आधी मला तुमचा जिना आठवला. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आपली घरं समोरासमोर, हे पत्र हातात आणून देता आलं असतं. पण समोर आले की तुम्ही "बरं बरं, आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, आणि माझंही अर्धं बोलणं घशात राहतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

दोन वर्षं मी एका क्लासला जात होते. नाव घेत नाही. फी तीन हप्त्यांत भरली होती, तिसरा हप्ता बाबांनी कसा भरला ते मला माहीत आहे. तिथे पहिल्याच महिन्यात मी हात वर करून विचारलं होतं, "ॲसिड आणि अल्कोहोल मिळून एस्टर, म्हणजे त्या दोघांचं जोडलेलं संयुग, आणि पाणी तयार होतं, तर त्या पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा?" उत्तर मिळालं, "हे परीक्षेत येत नाही. इलेक्ट्रॉनचे बाण काढत बसू नका, रिअ‍ॅक्शन पाठ करा." वर्ग हसला. त्यानंतर तिथे मी एकही प्रश्न विचारला नाही. पाठ मात्र केलं, जीव तोडून केलं. फिशर एस्टरिफिकेशन, सॅपॉनिफिकेशन, ट्रान्सएस्टरिफिकेशन, ॲमाइड, ॲनहायड्राइड, सगळ्यांची वेगवेगळी कार्डं, वेगवेगळे रंग. परीक्षेत अल्कोहोल जरा वेगळं आलं की सगळी कार्डं एकदम निरुपयोगी. दोनदा असंच झालं. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिथूनच ऐकायला मिळालं की काही मुलांचा मेंदू या विषयासाठी नसतो. हे वाक्य मी वर्षभर उराशी घेऊन हिंडले, काका. घरी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे तर मी काकूंचा डबा परत करायला आले होते. हातात वही होती म्हणून तुम्ही विचारलंत. छत्तीस वर्षं केमिकल कारखान्यात काढलेल्या माणसानं एवढं विचारावं यात विशेष काही नाही. विशेष त्यापुढचं आहे.

तुम्ही म्हणालात, "काढ बघू, तुझ्या मते काय होतं ते." मी पाण्याचा ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, अल्कोहोलकडून घेतला आणि नुसता एच, म्हणजे हायड्रोजन, ॲसिडकडून. शाळेपासून डोक्यात बसलेलंच होतं ते: हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, ॲसिडचा एच, बेसचा ओएच, झालं पाणी. तुमचा चेहरा बघून मला कळलं की चुकलं आहे, आणि माझा हात आपोआप खोडरबराकडे गेला. तुम्ही ते माझ्याआधी उचललंत आणि शर्टाच्या खिशात टाकलंत.

"राहू दे," म्हणालात. "हा प्रश्न फालतू असता तर नोबेल मिळालेल्या माणसानं त्यावर प्रयोग केला नसता."

मग तुम्ही त्या माझ्या चुकलेल्या चित्राच्या शेजारी, त्याला जराही धक्का न लावता, १९३८ सालचा रॉबर्ट्‌स आणि युरी यांचा प्रयोग काढून दाखवलात. मेथॅनॉल घेतलं ते जड ऑक्सिजनचं, म्हणजे ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढवलेलं, आणि बेन्झोइक ॲसिड साधं. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन ॲसिडचा. काकूंच्या रांगोळीच्या वहीतल्या लाल आणि निळ्या पेन्सिली मागून आणल्यात आणि ॲसिडचे दोन्ही ऑक्सिजन लाल, अल्कोहोलचा निळा असं पुन्हा काढायला लावलंत. एक लाल पाण्याबरोबर निघून गेला, दुसरा लाल आणि निळा एस्टरमध्ये राहिले. दोन वर्षांपूर्वी हसण्यावारी गेलेल्या प्रश्नाला इतकं देखणं उत्तर होतं, आणि ते शोधायला एवढ्या मोठ्या माणसांनी कष्ट घेतले होते. घरी जाऊन मी रडले. दुःखानं नव्हे.

खोडरबर तुम्ही त्या दिवशी परत दिलंच नाहीत. वहीत ते चुकलेलं चित्र अजून आहे, शेजारी तुमच्या अक्षरात तारीख. ज्या पानावर मी सगळ्यात जास्त चुकले तेच पान मी परीक्षेच्या सकाळी उघडून बघितलं.

नंतरचे तीन महिने सविस्तर लिहीत नाही, पण पंगतीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्बोनिलच्या, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधानं जोडलेल्या, कार्बनला तुम्ही पंगतीतला पाट म्हणायचात. नवा पाहुणा आधी येऊन बसतो, क्षणभर दाटी होते, कार्बनला चार हात फुटतात, आणि मग कुणीतरी उठतं. कोण उठणार, एवढंच बघायचं. ओएच आपण होऊन उठायला तयार नसतो. सल्फ्युरिक ॲसिडनं त्याला एक प्रोटॉन दिला की तो पाणी होऊन सहज उठतो. ॲसिड क्लोराइडमधला क्लोराइड तर पाहुणा टेकायच्या आत चप्पल शोधतो. ॲनहायड्राइडचा त्याच्या खालोखाल, मग एस्टर, आणि ॲमाइडमधला नायट्रोजन बूड हलवत नाही. माझी सगळी रंगीत कार्डं या एका पाटावर येऊन बसली. वेगवेगळ्या रिअ‍ॅक्शन नव्हत्याच त्या.

दुसरा दिवस आठवतो तो आकडेमोडीचा. एक मोल ॲसेटिक ॲसिड, एक मोल इथेनॉल, समतोल स्थिरांक साधारण चार. मी म्हटलं, सगळ्याचं एस्टर होणार. तुम्ही गणित करायला लावलंत आणि उत्तर आलं दोन तृतीयांश. उरलेलं तसंच पडून राहतं, कारण जितक्या वेगानं एस्टर होतं तितक्याच वेगानं पाणी ते मोडतं. मग विचारलंत, "कारखान्यात एक तृतीयांश माल टाकून द्यायचा का?" अल्कोहोल दहापट घेतलं तर गणित सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलं. नाहीतर पाणी काढून घेत राहायचं. समतोल ढळवला की तो ढळणं कमी होईल त्या बाजूला सरकतो, हे पुस्तकातलं ल-शातेलिएचं तत्त्व त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं वाटलं, कारण त्यात मालाची काळजी होती.

साबणाचं तर काकूंनीच अर्धं शिकवलं. तूप खवट झालं म्हणून त्या कुरकुरत होत्या आणि तुम्ही म्हणालात, "ऐक, ही हायड्रॉलिसिसची, म्हणजे पाण्यानं मोडण्याची, तक्रार चालली आहे." तुपातली चरबी म्हणजे ग्लिसरॉलचं एस्टर, ते मोडलं की ब्युटिरिक ॲसिड सुटतं आणि वास मारतं. जुन्या डब्यातल्या ॲस्पिरिनला व्हिनेगरचा वास येतो तोही याच घराण्यातला. आणि कॉस्टिकनं तेलाचा साबण केला की तो परत तेल होत नाही, कारण ॲसिड प्रोटॉन देऊन कार्बोक्सिलेट, म्हणजे ऋण भाराचा आयन, होऊन बसतं आणि अल्कोहोलला तिथे शिरकावच उरत नाही. हे मी पेपरात जवळजवळ तुमच्याच शब्दांत लिहिलं, फक्त काकूंचा उल्लेख गाळला.

आपल्या बडोद्यात सयाजीरावांच्या काळी, १८९० साली कलाभवन सुरू झालं. गज्जरांसारख्या रसायनाच्या प्राध्यापकानं तिथे रंगाचं, रसायनाचं शिक्षण कारागिरांच्या मुलांपर्यंत नेलं. शाळेत हे आम्ही चार ओळींत वाचलं होतं. तुमच्या जिन्यावर बसून मला त्या चार ओळींचा अर्थ लागला. एखादा चुकला तर त्याच्याकडे न बघता त्याच्या चुकीकडे बघायचं, तेही ती मोलाची असल्यासारखं, हे किती शिक्षकांना जमतं? तुम्ही शिक्षक नव्हतात. पैसे घेतले नाहीत, दिवाळीला आणलेलं पाकीट परत पाठवलंत. मला कुणीही हुशार म्हटलं नाही याचं आता वाईट वाटत नाही, कारण तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. तुम्ही फक्त उत्तराची वाट बघायचात, चहा निवला तरी. माझ्या तोंडून काही बरं निघेल अशी वाट आजवर कुणी बघितली नव्हती.

एक राहिलं. शेवटच्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत की अल्कोहोल टर्शरी ब्युटाइल असेल तर लाल-निळ्याचं काय होईल, आणि उत्तर सांगायला नकार दिला होतात. परीक्षेच्या गडबडीत ते तसंच राहून गेलं होतं. काल रात्री बसले. तीन मिथाइलची गर्दी असलेला कार्बन पाटावर येऊन बसायला कसा मागेल, असं वाटलं. त्याचाच ओएच प्रोटॉन घेऊन पाणी होऊन आधी निघून जात असेल, आणि मागे राहिलेल्या कार्बोकॅटायनला, म्हणजे धन भार आलेल्या कार्बनला, ॲसिडचा ऑक्सिजन जाऊन मिळत असेल. म्हणजे या खेपेला निळा पाण्यात आणि लाल दोन्ही एस्टरमध्ये. माझं पहिलं चुकलेलं चित्र इथे बरोबर ठरतं का, काका?

रविवारी सकाळी शेव-उसळ घेऊन येते. वही आणते, खोडरबर आणत नाही.

आपली,
समोरच्या घरातली