रविवारच्या फोनवर मी जे बोललो ते

बेटा,

हे मी मोबाईलवर टाईप करतोय, दादू प्रिंट काढून पोस्टात टाकणार आहे, तुमचे फोन आठवडाभर जमा असतात म्हटल्यावर व्हॉट्सॲप करून उपयोग काय. चुका असतील तिथे समजून घे.

रविवारी फोन ठेवला आणि तुझ्या आईने माझ्याशी बोलणं बंद केलं, नुसते भांड्यांचे आवाज. बरोबरच आहे तिचं. पोरगी तिकडे चेन्नईत, आर्मी ऑफिसरच्या ट्रेनिंगमधून सांगतेय की ड्रिल टेस्टमध्ये, म्हणजे परेडच्या परीक्षेत फेल झाले, बाकीच्या लिबर्टीवर, सुट्टीच्या परवानगीवर, बाहेर गेल्या आणि मी बूट घासत बसलीये, सांगता सांगता रडायला लागली, आणि बाप काय म्हणतो, तर रडायचंच होतं तर बँकेचा फॉर्म का नाही भरला. वर तुझी वेळ संपली आणि फोन गेला. म्हणजे शेवटचं वाक्य तुझ्याजवळ तेच राहिलं. रात्रभर तेच डोक्यात, दोनदा उठून अंगणात चक्कर मारून आलो.

खरं सांगू का, मी घाबरलो होतो. तुझा आवाज बसलेला होता आणि तो नुसता ओरडून बसलेला नव्हता, एवढं मला कळतं, ३१ वर्षं मशीनच्या आवाजावरून काय बिघडलंय ते ओळखत आलोय. पण मशीनला काय करायचं ते माहीत असतं गं, तुला १२०० किलोमीटरवरून काय करणार, म्हणून ओरडलो.

आता एक गोष्ट, आईला सांगू नको. फॅक्टरीत मी एकदा ट्रेड टेस्टला फेल झालोय. मायक्रोमीटर, ते बारीक माप घ्यायचं यंत्र, हातात धरला आणि हात असा थरथरायला लागला की रीडिंगच घेता येईना, समोरचे साहेब बघतायत. घरी येऊन सांगितलं टेस्ट पुढे ढकलली. सहा महिन्यांनी पास झालो तेव्हा पेढे आणले होते, आईला वाटतं पहिल्याच झटक्यात झालो. तू पहिल्याच रविवारी खरं सांगून टाकलंस, माझ्यापेक्षा तूच बरी.

आणि रडण्याचं म्हणशील तर. तुला लहानपणी सांगायचो आठवतं का, काडतुसाची केस कशी होते. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, असल्या पितळेची आधी वाटी, मग ड्रॉ मारून मारून, म्हणजे प्रेसमध्ये दाबून ओढून, ती लांब करत न्यायची. प्रत्येक ड्रॉला पितळ कडक होतं. तसंच कडक ठेवून पुढचा ड्रॉ मारला तर तडकतं. म्हणून मध्ये मध्ये भट्टीत घालून नरम करावं लागतं, अनीलिंग म्हणतात त्याला, आणि हे काही माल कच्चा म्हणून करत नाहीत, चांगल्यातल्या चांगल्या मालालाही करावंच लागतं. आयुष्यभर हेच काम केलं आणि रविवारी नेमकं आठवलं नाही. तुमचा तो रगडा, शिक्षेची ती दमछाक, फ्रंट रोल, पहाटेची पीटी हे सगळे ड्रॉ समज. बाकी तू हुशार आहेस.

तुमच्या ॲकॅडमीत १९९२ साली पहिल्यांदा मुली घेतल्या, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये कोणीतरी पेपरमधली ती बातमी मोठ्याने वाचली होती आणि सगळे हसले होते, मी पण हसलो होतो. हे तुला आजपर्यंत बोललो नव्हतो.

ड्रिलचं म्हणशील तर ते शिकवणारे उस्ताद म्हणतात ना हात कोपरातून वाकतो, मग रात्री आरशासमोर तुझ्या बडीला, जोडीदारणीला उभं कर आणि तिलाच बघायला सांग, आपलं आपल्याला दिसत नाही. आणि पाणी पी भरपूर. आपलं भुसावळचं ऊन कोरडं, ४५ डिग्रीलाही सावलीत बसलं की जीव थाऱ्यावर येतो, तुमच्याकडे समुद्राची हवा, घाम वाळत नाही, त्यात पाय ओले राहिले की फोड येणारच. मोजे जोडीने बदलत जा.

आजी धुळ्याहून आलीये. रोज एकच प्रश्न, "तठे भाकर भेटस का तिले? पोर बारीक व्हयी गई व्हई." मी म्हटलं अंडी, दूध, सगळं देतात, तर म्हणे भाकर इचारी मी तुले. काय बोलणार. आईने कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दळून ठेवलंय, उगाच, पाठवता येत नाही माहीत असून.

४९ आठवड्यांतले ११ झाले, किचनमधल्या कॅलेंडरवर मी रेघा मारतो. पासिंग आऊटची तारीख पक्की झाली की सांग, नवजीवन एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि आजी धरून चार तिकिटं लागतील. त्या दिवशी तुझ्या खांद्यावर ऑफिसरचे स्टार कोण लावणार यावरून आई आणि आजीचं आत्तापासून सुरू आहे, खांदे दोनच आहेत तुला, त्यात माझा नंबर लागत नाही असं दिसतंय.

येत्या रविवारी फोन लावशील तर आधी मला लाव, आईला नंतर. मी काही बोलणार नाही, तू बोल. रडलीस तरी चालेल.

पप्पा